वाचनालयातल्या कार्यशाळा: पहिल्या दिवशी खुर्च्या कमी, शेवटच्या दिवशी माणसं कमी

निळी शाई

नमस्कार मंडळी,

एका सार्वजनिक वाचनालयात मी आठवड्यातून दोन दिवस मदतीला जाते. देवघेवीच्या टेबलावर बसायचं, परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावायची, अशी कामं. गेल्या वर्षी आमच्या ग्रंथपालांनी मनावर घेतलं की नुसती पुस्तकं देऊन थांबायचं नाही, लोकांना काही शिकवायचंही. पहिला मान ज्येष्ठांना. 'संगणकाची ओळख', आठ सत्रं, दर शनिवारी दीड तास.

पहिल्या शनिवारी २२ जण आले. खुर्च्या पुरेनात म्हणून बालविभागातली बाकं ओढून आणली. चौथ्या शनिवारी ७ उरले, शेवटच्या शनिवारी ३.

शिकवणारा मुलगा हुशार होता. पडद्यावर चित्रं दाखवून समजवायचा, छापील टिपणंही द्यायचा. कोणी तक्रार केली नाही, लोक नुसते यायचे थांबले. त्यातल्या एक बाई नेमाने पुस्तकं बदलायला येतात. हल्ली मी टेबलावर असले की त्या वाचनकक्षात वर्तमानपत्र चाळत बसतात आणि मी उठले की पुस्तक देऊन जातात. हे मला फार लागलं. शिकायला आलेलं माणूस आपल्याला बघून ओशाळत असेल तर आपलंच काहीतरी चुकलंय.

पुढची कार्यशाळा घ्यायची की नाही, हे आता ठरवायचंय. बंद पडू नये असं मनापासून वाटतं. तुमच्यापैकी कोणी अशा कार्यशाळा घेतल्या असतील, किंवा शिकायला बसला असाल, तर लिहा. फक्त ज्येष्ठांबद्दलच असं नाही. मुलं, तरुण, कोणासाठीही.

उघडी खिडकी

निळी शाईताई, मी ग्रंथपाल म्हणून २६ वर्षं काम केलं. आधी एकच विचारते. शनिवारचं सत्र संपल्यावर पुढच्या शनिवारपर्यंत त्या लोकांना संगणकाला हात लावायला मिळत होता का?

निळी शाई

नाही. सत्र संपलं की ती खोली बंद व्हायची. एकदा कोणाकडून तरी मांडणी बदलली गेली होती, तेव्हापासून संगणकांना कुलूपच. घरी संगणक असलेले २२ पैकी चारपाच असतील.

उघडी खिडकी

मग गळती तिथेच आहे, ताई. विषयात नाही आणि शिकवणाऱ्यातही नाही.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की नव्याने पाठ केलेलं सगळ्यात वेगाने विसरतं ते सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत. उजळणी झाली तर टिकतं. सात दिवस हात लागला नाही की पुढच्या शनिवारी माणूस पुन्हा कोऱ्या पाटीवर येतो. पण शिकवणारा तर धडा दुसरा उघडून बसलेला असतो. एकदा मागे पडलं की विचारायची लाज वाटते. दुसऱ्यांदा पडलं की माणूस येत नाही.

शिकवणीच्या वर्गाला जे जमत नाही ते वाचनालयाला जमतं. शिकवणारा गेला तरी वाचनालय उद्या उघडं असतं. आपण नेमकं तेच विसरतो आणि वर्गासारखा वर्ग भरवतो. माझा सल्ला एवढाच की आठ सत्रांची चार करा, आणि उरलेला वेळ 'सरावाची बैठक' म्हणून ठेवा. तिथे शिकवणी नाही, फळा नाही, हजेरी नाही. संगणक चालू, एक मदतनीस बसलेला. ज्याला यायचं तो येईल, अडेल तिथे विचारेल.

मांडणी बिघडायची भीती वाटत असेल तर संगणकावर पाहुण्यांसाठी वेगळं खातं उघडा. बंद केलं की सगळं मूळपदावर येईल अशी सोय करता येते. एवढ्यासाठी कुलूप लावायची गरज नाही.

शिक्षण आणि वाचनालय एकत्र चालवायचा मोठा प्रयोग लंडनमधल्या टॉवर हॅमलेट्स भागात झाला. तिथे २००२ साली पहिलं 'आयडिया स्टोअर' उघडलं. पुस्तकं आणि प्रौढांचे वर्ग एका छपराखाली. मला त्यातलं आवडलेलं म्हणजे त्यांनी आधी वस्तीतल्या लोकांना विचारलं आणि मग आखणी केली. आपण उलटं करतो. कार्यक्रम ठरवतो आणि मग माणसं शोधतो.

सांजवेळ

मी शिकणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. वय ६७. ताईंनी त्या ओशाळणाऱ्या बाईंबद्दल लिहिलंय, ती मीच असं वाटलं.

पहिल्या वेळी मी तिसऱ्या दिवशी सोडलं. कारण कोणाला सांगितलं नव्हतं, आज सांगते. माऊस सरकवत सरकवत टेबलाच्या कडेला पोचला की पुढे काय करायचं, हे मला कळायचं नाही. बाण अजून पडद्याच्या मध्यावर आणि हाताला तर टेबल संपलेलं. मी हात तसाच अधांतरी धरून बसायचे. शिकवणारा मुलगा यायचा, 'थांबा आजी' म्हणून माझ्या हातातून माऊस घ्यायचा, टकटक दोनदा दाबायचा आणि म्हणायचा, 'झालं बघा.' झालं खरं, पण त्याच्या हाताने. मला कळलं एवढंच की मला जमत नाही.

दोन वर्षांनी दुसऱ्या वाचनालयात गेले. तिथे एक मुलगी होती, ती आमच्या मागे हात पाठीशी बांधून उभी राहायची. कितीही वेळ लागो, हात सोडायची नाही. माझा माऊस कडेला गेला तेव्हा म्हणाली, 'उचला तो. वर उचललात की बाण जागचा हलत नाही. आता मध्ये ठेवा आणि पुन्हा सरकवा.' बस्स, एवढंच होतं ते. त्या दिवशी घरी चालत गेले ती तरंगतच.

आज मी वीज बिल भरते, नातवाला मेल लिहिते, वाचनालयाच्या यादीत घरबसल्या पुस्तक शोधते. ताई, तुम्ही त्या बाईंना काही विचारू नका. फक्त एक दिवस सांगा की सरावाची बैठक सुरू केलीय, मीही बसते, कधीही या. मग त्यांची इच्छा.

निळी शाई

सांजवेळताई, तुमचा प्रतिसाद मी आमच्या मदतनिसांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे. परवानगी गृहीत धरते.

जुना सभासद

थोडा विरोधी सूर लावतो, रागावू नका. वाचनालय ही शांतपणे वाचत बसायची जागा. ती फार कमी उरलीय. घरात दोन खोल्या आणि पाच माणसं असलेल्या मुलाला अभ्यासाला दुसरी जागा नाही. मी स्वतः असा मुलगा होतो. वाचनकक्षाच्या शेवटच्या टेबलावर माझी परीक्षेची सगळी तयारी झाली. तिथे आज हस्तकला, उद्या नृत्य, परवा व्यक्तिमत्त्व विकास भरवू लागलो तर त्या मुलाने कुठे जायचं? शिवाय कार्यशाळांच्या नादात पुस्तकखरेदी मागे पडते, हेही पाहिलंय. उपकरणं येतात, फोटो निघतात, वर्षभराने त्यांच्यावर धूळ.

उघडी खिडकी

जुना सभासद, तुमची काळजी खरी आहे. मी ती टाळणार नाही.

पण शिकवणं हे वाचनालयाचं उपरं काम नाही. एस. आर. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिला, पुस्तकं वापरासाठी आहेत. पाचवा, ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे. युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा १९४९ मध्ये निघाला, तेव्हापासून त्यात ग्रंथालयाकडे लोकशिक्षणाची जागा म्हणून पाहिलंय. १९९४ आणि २०२२ मध्ये तो नव्याने लिहिला गेला, आणि आयुष्यभराचं शिक्षण हा धागा त्यात कायम राहिला.

शांततेचा प्रश्न जागेच्या आणि वेळेच्या आखणीने सुटतो. फिनलंडमधल्या हेलसिंकीचं 'ऊडी' ग्रंथालय ५ डिसेंबर २०१८ ला उघडलं. मधल्या मजल्यावर शिवणयंत्रं, त्रिमिती (थ्रीडी) छपाईची यंत्रं, ध्वनिमुद्रणाच्या खोल्या. पुस्तकं सगळ्यात वरच्या मजल्यावर. आपल्याकडे तीन मजले नसले तरी घड्याळ आहे. परीक्षेच्या दिवसांत वाचनकक्षाला लागून असलेल्या खोलीत कार्यशाळा ठेवायचीच नाही, हा नियम मी शेवटपर्यंत पाळला. तुमच्या शेवटच्या टेबलावरच्या मुलाचा हक्क पहिला.

जुना सभासद

हे पटलं. मग माझी एक अट जोडा. कार्यशाळा कोणतीही असो, त्या विषयाची पुस्तकं ढकलगाडीवर मांडून खोलीच्या दाराशी ठेवायची आणि जाताना तिथल्या तिथे नोंद करून द्यायची. बागकामाच्या कार्यशाळेहून माणूस बागकामाचं पुस्तक न घेता घरी गेला तर ती कार्यशाळा सभागृहातही झाली असती. वाचनालयात कशाला?

उघडी खिडकी

अगदी. आणि ती पुस्तकं आदल्या दिवशी बाजूला काढून ठेवा. ऐन वेळी कपाटाशी गेलं की हवं ते नेमकं बाहेर गेलेलं असतं.

तारजोड

यंत्रांच्या धुळीचा विषय निघाला म्हणून. मी मुलांच्या 'करून बघा' कार्यशाळा घेतो.

ग्रंथालयात वस्तू बनवायची जागा हवी ही कल्पना बऱ्याच जणांपर्यंत अमेरिकेतून आली. न्यूयॉर्क राज्यातल्या फेएटव्हिलच्या छोट्या ग्रंथालयाने २०११ मध्ये अशी जागा केली, तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांतली ती पहिली म्हणतात. पण त्याच्या कितीतरी आधी, १९७९ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या ग्रंथालयाने हत्यारं उसनी द्यायला सुरुवात केली होती. हातोडी, करवत, शिडी, सगळं पुस्तकासारखं न्यायचं आणि परत आणायचं. माझ्या मते दुसरं उदाहरण पहिल्यापेक्षा जास्त घेण्यासारखं आहे.

त्रिमिती छपाईचं यंत्र घ्यायचा मोह होतो. आम्हीही घेतलं. मूठभर आकाराची वस्तू छापायला तास-दोन तास सहज लागतात. दीड तासाच्या सत्रात १२ मुलं आणि एक यंत्र, म्हणजे ११ मुलं काचेतून बघत बसणार. एका मुलीने विचारलं, 'माझा नंबर पुढच्या महिन्यात येईल का?' त्या दिवसापासून सत्राची सुरुवात यंत्राने करणं सोडलं.

आता आम्ही पेचकस देतो. बंद पडलेला रेडिओ, घड्याळ, कीबोर्ड. वायर आधीच कापलेली, बॅटरी काढलेली, आणि जुन्या चित्रनळीचे टीव्ही किंवा मायक्रोवेव्ह मुळीच नाहीत, कारण त्यांत वीज काढल्यावरही भार साठून राहतो. हे कृपया गांभीर्याने घ्या. मुलं दोघादोघांनी बसून उघडतात, निघालेला प्रत्येक भाग कागदावर ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवतात, पुढे नाव लिहितात. नाव माहीत नसलं की पुस्तकात शोधतात. मागच्या वेळी कीबोर्डच्या आतला पारदर्शक पडदा हातात धरून एक मुलगा उजेडाकडे वळला आणि त्यावरच्या बारीक रेषा बघतच राहिला. पाच मिनिटं त्याने कोणाशी बोलणं केलं नाही. एकेका बटणापासून निघालेली वाट बोटाने शोधत होता.

संगणक असतील तर 'स्क्रॅच' घ्या, मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारी प्रणाली. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये आणलं, साधारण ८ ते १६ वयासाठी, फुकट आहे आणि इंटरनेट नसतानाही चालणारी आवृत्ती मिळते. ठोकळे जोडून गोष्ट किंवा खेळ बनवायचा. ठोकळ्यांवरची भाषाही बदलता येते.

गोष्टवेल्हाळ

लहानग्यांचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी.

'गोष्टींचा तास' बहुतेक वाचनालयांत असतो. मूल आत, आईबाबा बाहेर मोबाइलवर. मी हे उलटं केलं. तीन ते पाच वयोगटात मोठं माणूस शेजारी बसल्याशिवाय प्रवेश नाही. कारण आठवड्याला एक तास मी गोष्ट सांगून मुलाचं जेवढं होईल, त्याच्या कितीतरी पट रोज रात्री घरात होईल. माझी खरी शिकवणी मोठ्यांची आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला. आईवडिलांनी चित्रपुस्तक नुसतं वाचून न दाखवता मुलाला प्रश्न विचारायचे, त्याच्या उत्तरात दोन शब्दांची भर घालायची, आणि हळूहळू मुलालाच गोष्ट सांगू द्यायची. महिनाभरात त्या मुलांच्या बोलण्यात फरक दिसला.

प्रत्यक्षात असं. चित्रात कुत्रं पळतंय. मूल म्हणतं, 'भूभू.' आपण म्हणायचं, 'हो, काळा भूभू पळतोय. कुठे निघाला असेल?' आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड. मोठी माणसं दोन सेकंदांत उत्तर देऊन टाकतात. मी त्यांना मनात दहा आकडे मोजायला सांगते. एका बाबांनी आठपर्यंत मोजलं आणि त्यांची मुलगी म्हणाली, 'त्याच्या आईकडे.' त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मुलगी वाचनालयात तोवर एक शब्द बोलली नव्हती.

कुलूपकिल्ली

एक तातडीचा मुद्दा. ज्येष्ठांना मोबाइल शिकवताना मदतनीस त्यांचे पासवर्ड बघतात, ओटीपी मोठ्याने वाचतात, कधी स्वतःच टाइप करतात. हेतू चांगला असतो, पण आपण त्यांना नेमकी चुकीची सवय लावतो. 'वाचनालयातल्या मुलाला सांगितला तर चालतो' हे डोक्यात बसलं की उद्या फोनवरच्या कोणालाही सांगतील.

मी तीन गोष्टी पाळतो. पासवर्ड टाकताना मदतनिसाने मान दुसरीकडे वळवायची, आणि 'मी बघत नाहीये' असं तोंडाने म्हणायचं. बँकेचे खरे व्यवहार वाचनालयाच्या सामाईक संगणकावर करून दाखवायचे नाहीत. आणि उठण्याआधी लॉगआउट झालं का हे शिकणाऱ्याने स्वतः तपासायचं, मग खिडकी बंद. तिसरी गोष्ट प्रत्येक सत्राच्या शेवटी करून घ्या, सांगून सोडू नका.

निळी शाई

ओटीपीचं आमच्याकडे अगदी तुम्ही लिहिलंत तसंच होत होतं. मी स्वतः वाचून दाखवलाय.

तरुणांबद्दल कोणाचा अनुभव? आमच्याकडे १५-१६ ची मुलं येतात, कोपऱ्यात बसतात, कशात नाव नोंदवत नाहीत.

तारजोड

नोंदवू नका त्यांना. शिकागोच्या मुख्य सार्वजनिक ग्रंथालयात २००९ मध्ये किशोरवयीनांसाठी 'यूमीडिया' नावाची जागा सुरू झाली. संशोधक मिझुको इटो आणि सहकाऱ्यांनी मुलं एकमेकांत कशी शिकतात ते पाहिलं होतं, त्यावर ती बेतलेली. मुलं आधी नुसती येऊन टेकतात, मग जे हाताशी असेल त्याची उचकापाचक करतात, आणि त्यातली काही एका गोष्टीत खोल शिरतात. पहिली पायरी बाहेरून आळशीपणासारखी दिसते म्हणून आपण ती पुसून टाकायला जातो. कोपऱ्यात एक माइक आणि आवाज जुळवायची साधी प्रणाली ठेवून बघा. कोणाला काही सांगू नका.

उघडी खिडकी

एक शिकणारा असा असतो जो कुठल्याच पत्रकाला उत्तर देत नाही. त्याच्याबद्दल लिहायचं राहून जायला नको.

देवघेवीच्या टेबलाशी एक गृहस्थ यायचे. मुलीचं पुस्तक बदलायचे. कुठलाही अर्ज पुढे केला की म्हणायचे, 'चष्मा घरी राहिला, तुम्हीच भरा.' पाचव्यांदा चष्मा राहिला तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांना वाचता येत नव्हतं. पुस्तकांनी भरलेल्या इमारतीत हा माणूस वर्षभर येत होता.

'साक्षरता वर्ग' अशी पाटी लावली असती तर ते पुन्हा आले नसते. मी एवढंच म्हटलं, 'मुलीला रात्री गोष्ट वाचून दाखवता यावी म्हणून काही पालक बुधवारी बसतात. याल का?' बसत कोणीच नव्हतं. त्या बुधवारी आम्ही दोघंच बसलो, बालविभागाच्या मागच्या खोलीत. अक्षरं मोठी, वाक्यं लहान, आणि पुस्तक मुलीच्या आवडीचं. त्यांना बाराखडीपासून सुरू करायचं नव्हतं, त्या एका पुस्तकापासून करायचं होतं. सात महिने लागले. नंतर त्या बुधवारी खरोखरच चार पालक बसू लागले.

म्हणून ताई, समितीला अहवाल देताना 'किती जण आले' हा आकडा एकटा देऊ नका. 'किती जण परत आले' हा द्या. त्या बुधवारी पहिले सात महिने उपस्थिती एक होती. कागदावर ते अपयशच दिसलं असतं.

सांजवेळ

हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

निळी शाई

दोन महिन्यांनी लिहितेय. बऱ्याच गोष्टी केल्या, काही फसल्या.

सत्रं चारच ठेवली. नाव नोंदवताना प्रत्येकाला विचारलं, 'तुम्हाला कोणतं एक काम स्वतः करायचंय?' उत्तरं ऐकून आमचा अभ्यासक्रम बाजूलाच ठेवावा लागला. संगणकाचे भाग कोणालाच शिकायचे नव्हते. मुलाने पाठवलेले फोटो उघडायचे, निवृत्तिवेतनाची नोंद बघायची, अक्षर मोठं करायचं. एका आजोबांना जुन्या कविता टाइप करून ठेवायच्या होत्या. आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन केला. हा फोन फार उपयोगी पडतो.

मंगळवार आणि शुक्रवार सरावाची बैठक. खोलीचं कुलूप काढलं, पाहुण्यांचं खातं केलं. मदतनिसांना सांजवेळताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. हात पाठीशी. पहिल्या आठवड्यात एकाचा हात चार वेळा पुढे गेला आणि चारही वेळा त्याने स्वतःच मागे घेतला.

११ जणांनी नोंदवलं, चौथ्या सत्राला ९ होते. बैठकीला सहा-सात जण नेमाने येतात. पुस्तकांच्या गाडीचं मात्र जमलं नाही. संगणकावरची आमची पुस्तकं इतकी जुनी की त्यातले पडदे आताच्या पडद्यांशी जुळत नाहीत. कवितावाल्या आजोबांसाठी कवितासंग्रह ठेवले, ते मात्र सगळे गेले. जुना सभासद, परीक्षेच्या महिन्यात बैठक सकाळी लवकर घेतो, वाचनकक्ष भरायच्या आत.

आणि त्या बाई. मी काही विचारलं नाही. शुक्रवारी दारात उभ्या राहिल्या, मग शेवटच्या खुर्चीवर बसल्या. अर्ध्या तासाने मला हाक मारली आणि म्हणाल्या, 'हा माऊस टेबलाबाहेर जातो.'

सध्या एक अडचण आहे. संगणक चार आणि माणसं सात. पाळ्या लावल्या की वाट बघणारे कंटाळून उठतात. काय करावं?

सांजवेळ

दोघादोघांना एका संगणकावर बसवा. काम ज्याचं, माऊस त्याच्या हातात. शेजारच्याने फक्त तोंडाने सांगायचं.